मधमाश्यांच्या मागचं पुस्तक

पॉइंटकाकांनी मला दशांश चिन्ह वाचायला शिकवलं, तेव्हा मी सिव्हिल इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. म्हणजे शाळेत शिकायची गोष्ट मी एकोणिसाव्या वर्षी शिकले, आणि तीही ढसाढसा रडून झाल्यावर.

परीक्षेला पाच दिवस उरले होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत मी सकाळपासून बसले होते आणि एकाच पानावर होते. ओळ वाचायची, शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची, परत वाचायची. दुपारपर्यंत हात इतके कापायला लागले की पेनाचं टोपण बसेना. उठून पाण्याच्या कूलरपाशी गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागले.

आमच्या घरातून विद्यापीठात शिकायला गेलेली मी पहिलीच. बाबा एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवायचे, आई लोकांचे कपडे शिवून द्यायची. रोज फोनवर दोघं आळीपाळीनं एकच विचारायचे, "चाललाय ना अभ्यास?" आणि मी रोज म्हणायचे, "एकदम मस्त." नापास झाले असते तर ते रागावले नसते. उलट माझीच समजूत घालत बसले असते. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

मागून चाकांची कुरकुर ऐकू आली. पुस्तकांची लोखंडी ट्रॉली माझ्या पायापाशी येऊन थांबली.

"कूलर आधीच गळतोय, त्यात तुझी भर," ट्रॉली ढकलणारे गृहस्थ म्हणाले. "ही एवढी पुस्तकं लावून दे मला."

मला वाटलं, चुकून कामावरच्या कुणाला तरी समजून बोलतायत. "काका, मी स्टुडंट आहे."

"दिसतंय की. बाकी कोण रडतं इथे? पाठीवरचा नंबर बघायचा, रॅकवरचा नंबर बघायचा आणि ठेवायचं. वाचायचं काही नाही."

मुलं त्यांना पॉइंटकाका म्हणायची. परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं हे त्यांचं काम, आणि ते करत त्यांना एकतीस वर्षं झाली होती. बुटके, थोडे पुढे झुकलेले, चष्मा गळ्यात दोरीला. पुस्तकांचे नंबर त्यांच्या जिभेवर इतके बसले होते की साधं बोलतानाही बाहेर पडायचे. डबा खायला निघाले की म्हणायचे, "सहाशे एक्केचाळीसला जाऊन येतो." बायकोचे गुडघे दुखले की "घरी सध्या सहाशे सतरा चालू आहे." कुणी पोरगी-पोरगा रॅकच्या आड फार वेळ कुजबुजत उभे राहिले, तर लांबूनच आवाज यायचा, "तिथे भूमिती आहे. प्रेमकविता खालच्या मजल्यावर."

मी पुस्तकं लावायला लागले आणि दहाव्या मिनिटाला चुकले. ६२४.१७१ नंबरचं पुस्तक मी ६२४.२ च्या नंतर ठेवलं. काकांनी ते काढून माझ्यापुढे धरलं.

"हे इथे का?"

"एकशे एकाहत्तर दोनपेक्षा मोठे असतात ना."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "कुठल्या शाखेची तू?"

"सिव्हिल."

"म्हणजे पूल बांधणार. बरं झालं सांगितलंस, मी होडीनं जात जाईन." मग त्यांनी बोटानं पॉइंटच्या पुढचे आकडे एकेक करून दाखवले. "पॉइंटच्या पुढे एकशे एकाहत्तर नसतं, बाई. एक असतं. मग सात. मग परत एक. एका वेळी एकच आकडा बघायचा. एक आणि दोन, यात कोण आधी?"

"एक."

"झालं मग. पुढचे आकडे बघायची गरजच नाही पडली."

पाऊण तासानं ट्रॉली रिकामी झाली. हातांकडे बघितलं तर ते कापत नव्हते. जागेवर जाऊन बसले आणि ते सकाळपासूनचं पान पहिल्या फटक्यात कळलं. काकांनी मला नाव विचारलं नाही, काय झालं तेही विचारलं नाही. नंतर समजलं की ते हे बऱ्याच जणांना करायला लावतात. परीक्षा जवळ आल्या की ते अभ्यासिकेतून ट्रॉली घेऊन हळूहळू फिरायचे आणि ज्याचा चेहरा पांढरा पडलेला दिसेल त्याच्यापाशी थांबायचे. ग्रंथपाल मॅडमना हे फारसं पसंत नव्हतं. पण काकांच्या मजल्यावरचं एकही पुस्तक आजवर मोजणीत कमी भरलं नव्हतं, म्हणून त्या गप्प बसायच्या.

पुढच्या दीड वर्षात मी त्यांची पक्की हमाल झाले. सहाशेच्या सगळ्या रांगा मला पाठ झाल्या. कुठल्या रांगेत गर्दी असते आणि कुठे वर्षभर कुणी फिरकत नाही, तेही कळलं. सर्वांत शांत कोपरा म्हणजे ६३८.१, मधमाशीपालन. आमच्या विद्यापीठात शेतीचा विभाग कधीकाळी होता, तो बंद झाला, पुस्तकं तेवढी राहिली. "या माश्यांना कुणी त्रास देत नाही," काका म्हणायचे, "आणि त्या कुणाला चावत नाहीत."

तिसऱ्या वर्षी स्ट्रक्चरल अॅनालिसिसचा पेपर होता. या विषयाचं एक जुनं, जाड, लाल कापडी बांधणीचं पुस्तक ग्रंथालयात होतं. त्यात सोडवलेली उदाहरणं इतकी होती की पेपर काढणारे सरही तेच पुस्तक वापरतात, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. प्रत एकच, घरी न्यायला बंदी. साठ मुलं आणि एक लाल पुस्तक. सकाळी दार उघडल्या उघडल्या जो धावेल त्याचं.

पेपरला चार दिवस होते. त्या दुपारी माझे हात पुन्हा कापायला लागले. काकांनी लांबूनच बघितलं आणि ट्रॉली माझ्याकडे ढकलून दिली. मी पुस्तकं लावत गेले. वरचा कप्पा संपला, मधला संपला. खालच्या कप्प्यात शेवटचं उरलं होतं ते लाल पुस्तक. कुणीतरी वाचून टेबलावर सोडलं असणार.

६२४.१७१. त्याची जागा माझ्या डाव्या हाताला होती, चार पावलांवर. मी त्या जागेसमोर थांबले, हे मला नीट आठवतं. मग पुढे चालत गेले. मधमाश्यांची चार पुस्तकं पुढे ओढली, त्यांच्या मागच्या पोकळीत लाल पुस्तक आडवं सरकवलं आणि चारही पुस्तकं परत सारखी केली. हात अजिबात कापले नाहीत. ट्रॉलीनं माझं डोकं शांत केलं होतं आणि शांत डोक्यानं मी ते केलं. घाबरून केलं असतं तर निदान सांगायला एक कारण असतं.

दुसऱ्या दिवशी माझी रूममेट काउंटरवर गेली. तिला आम्ही वकीलबाई म्हणायचो, कारण ती रिक्षावाल्यापासून डीनपर्यंत कुणाशीही वाद घालू शकायची. तिनं लाल पुस्तक मागितलं. काका आत गेले आणि दहा मिनिटांनी रिकाम्या हातानं परत आले. त्यांना रिकाम्या हातानं येताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते सरळ माझ्या टेबलापाशी आले.

"काल तुझ्या ट्रॉलीत ते लाल पुस्तक होतं. ठेवलंस ना?"

"हो काका. जागेवर ठेवलं."

"मग झालं," ते लगेच म्हणाले. "कुणीतरी घेऊन बसलं असेल कोपऱ्यात." आणि वकीलबाईला सांगायला गेले, "हिनं ठेवलंय म्हणजे ठेवलंय. तू दुपारी ये."

ती दुपारीही आली आणि दुसऱ्या दिवशीही. मी त्या तीन दिवसांत काका जेवायला गेले की मधमाश्यांच्या रांगेत जमिनीवर बसून उदाहरणं उतरवून घ्यायचे आणि पुस्तक परत आडवं सरकवायचे. पेपर झाला. लाल पुस्तकातली दोन उदाहरणं जशीच्या तशी आली होती. वकीलबाईनं बाहेर येऊन पेपर माझ्या डोक्यावर हाणला आणि म्हणाली, "ते पुस्तक ज्या कुणी दाबलंय ना, त्याच्या पहिल्याच पुलावर त्यालाच उभं करायला पाहिजे." मी हसले. तिच्याबरोबर चहाही प्यायले.

दुसऱ्या दिवशी बसनं घरी गेले. पुस्तक काढून ठेवायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी म्हणते, पण खरं म्हणजे बसमध्ये मला ते दोनदा आठवलं होतं. सुट्टीनंतर ठेवू, काय बिघडतंय, असं म्हणून मी खिडकीला डोकं टेकलं.

सुट्टीत दर वर्षीप्रमाणे पुस्तकांची मोजणी झाली. परत आले तेव्हा वकीलबाईनंच बातमी दिली. पॉइंटकाकांच्या मजल्यावर पहिल्यांदाच एक पुस्तक कमी भरलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "तुम्ही ट्रॉली पोरांच्या हातात देता, दुसरं काय होणार?" त्यावर काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरांचं नाव घेऊ नका. जिनं ठेवलं तिला मी विचारलंय, ती खोटं बोलायची नाही. माझ्याच हातून कुठेतरी इकडचं तिकडे झालं." त्या दिवसापासून ट्रॉली कुणाला द्यायची नाही, असा हुकूम निघाला.

 तरीही मी तेव्हा काकांकडे गेले नाही. मी विचार केला, अगदी इंजिनियरसारखा. बिघाड काय? पुस्तक जागेवर नाही. उपाय काय? पुस्तक जागेवर ठेवणं. बाकी कुणाला काही कळायची गरज नाही. पुस्तक लपवणाऱ्याचं ग्रंथालयाचं कार्ड रद्द व्हायचं आणि घरी पत्र जायचं. ते पत्र आई शिलाई मशीनवर ठेवून पुन्हा पुन्हा वाचेल, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. काका डबा खायला गेले तशी मी मधमाश्यांच्या मागून लाल पुस्तक काढलं, बाहीनं धूळ पुसली आणि ६२४.१७१ च्या जागी उभं करून ठेवलं. बाहेर पडताना इतकं हलकं वाटलं की जिने दोन-दोन पायऱ्या टाकत उतरले.

दुसऱ्या दिवशी काका काउंटरमागे स्टुलावर बसले होते. ट्रॉली भरलेली, तशीच उभी. लाल पुस्तक त्यांच्या पुढ्यात.

"सापडलं?" मी विचारलं. आवाजात आनंद आणला होता. तो कसा आणला, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

"तू म्हणालीस तेच खरं," ते म्हणाले. "जागेवरच होतं."

"चला, बरं झालं."

"सात वेळा बघितलं मी तिथे." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मोजणीच्या दिवशी दोनदा. नंतर रोज एकदा. बोट ठेवून बघितलं गं, एकेका नंबरावर. आणि ते तिथेच होतं. मला दिसलंच नाही."

मी उभीच राहिले.

"आमच्या दादाचं असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. "पोस्टमन होता. अख्खं गाव तोंडपाठ. पहिल्यांदा त्याला हातातली किल्ली दिसेना. सगळे हसलो आम्ही. मग चौकातून घरी यायचा रस्ता दिसेना. शेवटी शेवटी मला म्हणायचा, तुम्ही कुणाकडे आलात?" त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवला. पुस्तकांवर नंबर घालायच्या त्यांच्या सुबक अक्षरात त्यावर त्यांचं स्वतःचं नाव होतं, घरचा पत्ता आणि बायकोचा फोन नंबर. "दादाच्या खिशात चिठ्ठी ठेवायचो तशी. आज सकाळी लिहिली. गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. आणि मॅडमना अर्ज दिलाय, एक तारखेपासून मला खाली दारावर बसवा. बॅगा सांभाळायला काय, टोकन दिलं की झालं. इथे बसून पुस्तकं हरवायला नकोत."

"काका, असं होतं कधीकधी," मी म्हणाले. हेच म्हणाले. तेव्हाच्या तेव्हा सांगता आलं असतं. फार तर चार शब्द लागले असते.

दोन दिवस मी वर्गात बसले आणि मला काही ऐकू आलं नाही. पदवीच्या तीन वर्षांत कापले नसतील इतके हात कापत होते, आणि या वेळी परीक्षा कसलीच नव्हती. बुधवारी दुपारी अभ्यासिकेत गेले. काका पुस्तकं लावत होते. एक पुस्तक ठेवायचे, दोन पावलं पुढे जायचे, परत मागे येऊन ते तिथेच आहे ना, बघायचे.

"काका, पुस्तक जागेवर नव्हतं," मी म्हणाले. "मी लपवलं होतं. नंतर मीच आणून ठेवलं."

त्यांना आधी कळलंच नाही. "कुठलं?"

"लाल. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मधमाश्यांच्या मागे ठेवलं होतं. आडवं."

"आडवं?" ते म्हणाले. "एवढं जड पुस्तक? पाठ उसवते अशानं." मग ते हळूहळू ट्रॉलीच्या कडेला टेकले. म्हणाले, "म्हणजे मी बघितलं तेव्हा ते तिथे नव्हतं."

"नव्हतं, काका."

"सातही वेळा?"

"सातही वेळा."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. खांदे थोडे खाली आले. खिशातला कागद काढून उलगडून बघितला. मला वाटलं, आता फाडतील. फाडला नाही. घडी घालून परत खिशात ठेवला.

"परवा मी तुला दादाचं सांगितलं."

"हो."

"तेव्हा तू इथेच उभी होतीस. समोर."

"हो, काका."

"पुस्तक दाबलंस ते एक वेळ समजू शकतो. परीक्षेला माणूस काय वाट्टेल ते करतो, एकतीस वर्षं बघतोय मी. पण परवा कसली परीक्षा होती गं तुझी?"

मी ट्रॉलीवरची पुस्तकं उगाच सरळ करायला लागले. 

"जा," ते म्हणाले. "मॅडमना सांग. मी नाही सांगणार."

मी मॅडमना लेखी दिलं. कार्ड सहा महिने बंद झालं. पत्र घरी गेलं. आईनं फोनवर एवढंच विचारलं, "त्या माणसाची माफी मागितलीस का?" बाबा फोनवर आलेच नाहीत. वकीलबाई दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मग एकदा दिवा मालवता मालवता म्हणाली, "मधमाश्या! काय डोकं आहे तुझं. वाया घालवलंस." आणि कूस बदलून झोपली.

काकांनी अर्ज मागे घेतला, ते वरच राहिले. ट्रॉलीवरची बंदीही त्यांनीच भांडून उठवली, असं कानावर आलं. मॅडमना म्हणाले म्हणे, "एकीनं दगा दिला म्हणून बाकीच्यांना का रडत ठेवायचं?" गुरुवारी डॉक्टरांकडे गेले की नाही, हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.

ती पुढची परीक्षा मी हॉस्टेलच्या खोलीत काढली. हात कापले की माझ्या अकरा पुस्तकांवर कागदाचे नंबर चिकटवून ती क्रमानं लावायचा प्रयत्न करायचे. अकरा पुस्तकं दोन मिनिटांत लागतात. नंतर हात पुन्हा तसेच.

सहा महिन्यांनी कार्ड परत मिळालं. शेवटच्या वर्षाची परीक्षा आठवड्यावर आली होती. मी अभ्यासिकेत अगदी कोपऱ्यातली जागा धरली होती, मान खाली. चाकांची कुरकुर आली. ट्रॉली एका टेबलापाशी थांबली, मग दुसऱ्या. मग माझ्यापाशी.

काकांनी ट्रॉलीची दांडी माझ्याकडे वळवली. मी उठले आणि ट्रॉली ढकलायला लागले.

पहिलं पुस्तक ठेवलं. पुढे गेले, दुसरं ठेवलं. तेव्हा जाणवलं की मागे पावलं वाजतायत. वळून बघितलं. काका माझ्या मागून येत होते. मी ठेवलेल्या प्रत्येक पुस्तकापाशी थांबत होते, चष्मा लावत होते आणि पाठीवरच्या नंबरावर बोट ठेवून एकेक आकडा वाचत होते. पूर्वी ट्रॉली दिली की ते दुसऱ्या कामाला निघून जायचे. कुणाच्याही मागून फिरताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दुसऱ्या एका मुलाला ट्रॉली दिली, तेव्हा त्याच्या मागे मात्र ते गेले नाहीत.

मी जास्तच काळजीपूर्वक लावत गेले. एकही चुकलं नाही. शेवटचं पुस्तक ६२४.२ होतं. ते मी ६२४.१७१ च्या नंतर सरळ उभं केलं आणि बाजूला झाले.

काका पुढे आले. पुस्तक बरोबर जागी आहे, हे लांबूनही दिसत होतं. तरी त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"पॉइंट दोन," ते स्वतःशीच म्हणाले, आणि ट्रॉली घेऊन गेले.